शेपटाचा शब्द

ही गोष्ट माझ्यासोबत घडलेली आहे. मित्राच्या मित्राची नाही, कुठे वाचलेली नाही. पटली तर पटली, नाही तर सोडून द्या. पटवायची ताकद आता माझ्यात राहिलेली नाही.

आणि हो, रात्र नव्हती. सकाळ होती. चहा पिऊन निघालो होतो, अंगावर स्वेटर होते, सगळे हसत-खिदळत होते.

जागा म्हणजे नदीची घळ. दोन्ही बाजूंना उभे कडे, खाली पाणी, आणि कड्याच्या अंगाने जाणारा रस्ता. फोटोत फार सुंदर दिसते. ऊन तिथे दुपारीच पोचतं. तोवर धुकं नदीवरून उठतं आणि रस्त्यावर येऊन बसतं.

आमचं सायकलींचं दुकान आहे. माझा नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे दीर, दोघं मिळून सायकलच्या टूर काढायचे. दुरुस्ती माझ्याकडे. चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढणं, चेन बदलणं, ब्रेक बसवणं, सगळं मी करते. सायकल दारात यायच्या आधी नुसत्या आवाजावरून मला कळतं, हिचं काय दुखतंय.

आता टूरची एक पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

वीस माणसं एका वेगाने कधीच जात नाहीत. कोणी पुढे पळतो, कोणी फोटो काढत बसतो. म्हणून जिथे रस्ता फुटतो, तिथे पुढच्यांपैकी एकाला उभं करायचं. त्याला आम्ही खांब म्हणतो. खांबाने मागून येणाऱ्यांना हाताने वाट दाखवायची आणि जागा सोडायची नाही. सगळ्यांच्या मागे आमचं एक माणूस असतं. ते शेपूट. शेपूट फाट्यावर आलं की खांबाला एकच शब्द बोलतं... ‘आवरा.’ घरच्याला ‘आवर.’ म्हणजे मागे कोणी उरलं नाही, तुझं काम झालं, चल.

तो शब्द ऐकेपर्यंत खांबाने हलायचं नाही. भूक लागो, पाऊस येवो.

माझा नवरा कायम शेपूट असायचा. लोक रेंगाळले तरी त्याचं डोकं तापत नसे. कुणाच्या गुडघ्याला मालिश करून दे, कुणाची रडगाणी ऐक, असं करत करत तो सर्वांत शेवटी मुक्कामाला पोचायचा.

मागच्या वर्षी पोचला नाही.

त्या घळीत तीन फाटे आहेत. पहिला बंद पडलेल्या गिरणीपाशी, दुसरा झुलत्या पुलापाशी. तिसरा वाईट आहे. तिथे नवा रस्ता डावीकडे चढावर जातो आणि जुना रस्ता उजवीकडे उतारावर. उतारावर जुना बोगदा आहे, बोगद्याच्या पलीकडे पूल. पूल अर्धाच आहे, बाकीचा पुरात गेला. बंद रस्त्याची पाटीही त्याच पुरात गेली. आणि सायकलवाल्याचं असं असतं, की चढ आणि उतार समोर आले तर चाक आपोआप उताराला वळतं.

त्या दिवशी तिसऱ्या फाट्यावर खांब म्हणून भाऊजी उभे होते. माझे दीर.

नवरा फाट्यावर पोचला तेव्हा तिथे कोणी नव्हतं. त्याला वाटलं असणार, खांब नाही म्हणजे कोणीतरी चुकून खाली गेलं. तो बघायला गेला. त्याची सायकल बोगद्याच्या तोंडाशी सापडली, नीट स्टँडवर लावलेली. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. तो स्वतः दोन दिवसांनी सापडला, बराच खाली, पाण्यात.

खाली कोणीही गेलं नव्हतं. सगळे मुक्कामावर आंघोळी करत होते.

भाऊजींनी सांगितलं, दादा मागून आला आणि ‘आवर’ म्हणाला. धुक्यात दिसला नाही, पण आवाज त्याचाच होता. म्हणून मी निघालो.

पण झुलत्या पुलाजवळच्या चहावाल्या बाईने सांगितलं, की माझा नवरा तर तिच्या बाकावर पंक्चर काढत बसला होता. दुपारची बस गेली तेव्हाही तिथेच होता. आणि भाऊजी बसच्या आधीच मुक्कामाला पोचले होते. मग तिसऱ्या फाट्यावर ‘आवर’ म्हणायला दादा आला कुठून?

सगळ्यांनी जो अर्थ काढायचा तो काढला. थंडी वाजली, कंटाळा आला, निघून आला आणि आता अंगावर आलं म्हणून थापा मारतोय. माझ्या सासूबाईंनी धाकट्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायच्या, पण त्याच्याकडे न बघता. भाऊजींनी आपलं म्हणणं दोन-तीनदा सांगून पाहिलं, मग तोंडाला कुलूप घातलं.

मला काय वाटलं? काहीच वाटलं नाही. मी रडलेही नाही. लोक म्हणायचे, बाई खंबीर आहे. खंबीर कसली, दात काढायच्या आधी सुई देतात ना, तसं आतून बधिर झालं होतं. मी दुकानात बसून चाकांच्या तारा आवळायचे. भाऊजी शेजारी पंप दुरुस्त करायचे. ‘पाना द्या’, ‘घ्या’, एवढंच बोलणं. मला ते खोटं बोलले असंच वाटत होतं आणि त्याचा रागही येत नव्हता.

या वर्षी भाऊजींनी ठरवलं, ही टूर शेवटची. ती झाली की दुसऱ्या गावी जाऊन नोकरी धरायची, घर सोडायचं. आईंना सांगितलं तेव्हा आई म्हणाल्या, बरं. तेवढंच.

मी म्हटलं, त्याच्या जागी शेपूट मी होईन. का, ते आईंना आणि भाऊजींना, दोघांनाही कळलं. भाऊजी ‘बरं, वहिनी’ म्हणाले आणि सामान बांधायला लागले.

तर ती सकाळ.

धुकं होतं, पण नेहमीएवढंच. सगळे पुढे गेले. माझ्या पुढे एकच गडी उरला, दातांचे डॉक्टर. भाड्याची सायकल, भलं मोठं पोट आणि अखंड बडबड. चढ आला की उतरून चालायचे आणि म्हणायचे, मी सायकलला फिरायला आणलंय. मी हसले नाही तर त्यांना वाईट वाटायचं, म्हणून मी हसत होते.

गिरणीचा फाटा आला.

खांब नव्हता.

तिथे मी बँकेतल्या एका बाईंना उभं करायला सांगितलं होतं. शिस्तीच्या बाई. रात्री जेवताना सगळ्या सूचना त्यांनी मला परत म्हणून दाखवल्या होत्या. त्या निघून जातील हे मला खरं वाटेना.

डॉक्टर म्हणाले, ‘दगा दिला की हो तुमच्या खांबानं.’

मी म्हटलं, असेल काही अडचण. वाट मला माहीत होती. आम्ही निघालो.

थोडं पुढे गेल्यावर मला एक आवाज यायला लागला.

कट्... कट्... कट्.

आवाज ओळखीचा होता. माझ्याच सायकलचा. डावं पेडल खाली आलं की कट् वाजायचं. दुसऱ्यांच्या सायकली नीट करता करता स्वतःची राहून गेली होती. त्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

मग उतार आला. मी पेडल मारायचं थांबवलं.

कट्... कट्... कट्.

आवाज पुढून येत होता. डॉक्टरांच्याही पुढून... धुक्यातून.

मी ब्रेक दाबला आणि एक पाय टेकून उभी राहिले. माझी चाकं थांबली, चेन थांबली. पुढे ते पेडल मात्र सावकाश फिरत राहिलं. चढावर दमलेलं माणूस फिरवतं तसं. मग ऐकू यायचं बंद झालं.

घळीत आवाज फिरतात, हे मला माहीत होतं. कड्यावर आपटून परत येतात. मी स्वतःला तेच सांगितलं. पण परत यायला आधी तो जायला हवा ना. मी तर पेडल मारतच नव्हते.

घाबरायला हवं होतं. अंगावर काटाही आला. पण भीती कुठेतरी लांब होती, शेजारच्या घरात भांडण चालू असावं तशी.

झुलत्या पुलाचा फाटा आला. इथे बँकेतल्या बाईंच्या नवऱ्याला उभं करायचं ठरलं होतं.

तिथेही कोणी नव्हतं. कठड्यावर त्यांची पाण्याची बाटली राहिली होती, झाकण उघडं. घाईत निघाल्यासारखी. चहावालीचं खोपटं बंद होतं.

डॉक्टर आता गप्प झाले होते. त्यांनी झाकण लावून बाटली स्वतःच्या पिशवीत ठेवली. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘काय?’

‘काय काय?’

‘तुम्ही काहीतरी म्हणालात ना आत्ता?’

मी काहीच म्हणाले नव्हते.

‘मग पुढून कोणी बोललं का?’ असं म्हणून त्यांनी धुक्यात बघितलं आणि मान हलवली.   मी एवढंच म्हटलं, डॉक्टर, आता माझ्या सोबत राहा, पुढे जाऊ नका.

पण पुढे उतार होता. भारी माणूस, भाड्याचे ब्रेक. मी कितीही सावकाश म्हटलं तरी त्यांची सायकल पुढे निघाली. एका वळणावर त्यांचा लाल स्वेटर दिसला आणि धुक्यात गेला.

आणि मला आठवलं, पुढे तिसरा फाटा आहे.

त्या क्षणी मात्र काळजात धस्स झालं. वर्षभरात पहिल्यांदाच. पहिले दोन खांब गेले म्हणजे तिसराही गेला असणार. डॉक्टरांना वाट माहीत नव्हती. चाक उताराला वळणार, बोगद्यातून जाणार, आणि बोगद्यापलीकडे अर्धा पूल.

मी ओरडले. ‘डॉक्टर, थांबा, उजवीकडे जाऊ नका.’ कड्यावर आपटून माझाच आवाज परत आला. ‘उजवीकडे जा...’ एवढाच आला. पुढचं ‘ऊ नका’ आलंच नाही.

मी जीव खाऊन पेडल मारलं.

फाट्यावर पोचले तर डॉक्टर रस्त्यात आडवे उभे होते. त्यांच्या सायकलचं हँडल दोन्ही हातांनी धरून भाऊजी उभे होते. जुन्या रस्त्याच्या बरोब्बर तोंडावर, पाय रोवून. खरं तर त्यांनी पुढे राहून सगळ्यांना मुक्कामाला न्यायचं होतं. त्यांनी ते काम सामानाच्या गाडीच्या ड्रायव्हरवर सोपवलं होतं आणि इथे स्वतः खांब झाले होते. मला न सांगता.

माझा जीव भांड्यात पडला. मी उतरून जवळ गेले.

भाऊजी एक पाऊल मागे सरले. माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की मी जागच्या जागी थांबले.

‘वहिनी, तिथूनच बोला.’

‘काय बोलू?’

‘शेपटाचा शब्द.’

मला काही कळेना. पण नेहमी म्हणते तसंच म्हणाले, ‘भाऊजी, आवरा.’

ते ऐकलं आणि भाऊजी मटकन रस्त्यात बसले.  डॉक्टरांनी त्यांना पाणी दिलं.  खाली नदीचा आवाज येत होता.

मग ते म्हणाले, ‘तुम्ही मघाशीच येऊन गेलात.’

मी सायकल तिथेच आडवी टाकली.

‘सायकल वाजली. तुमचीच, पेडल वाजतं ती. त्या वळणापाशी थांबली. आणि तुमच्या आवाजात म्हणाली, आवर. मी हललो नाही तर परत म्हणाली. वहिनी, मग अगदी जवळून म्हणाली... इथून. दिसलं काहीच नाही.’

‘मग तुम्ही निघाला का नाहीत?’

‘निघालो होतो. सायकलवर टांग टाकली होती. मग लक्षात आलं, आवर म्हणाली. इतकी वर्षं झाली तुम्हाला आमच्या घरात येऊन. मला कधी अरे-तुरे केलंय तुम्ही?’

नाही. कधीच नाही. लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी शाळेत होते. गुडघे फोडून यायचे, मी मलम लावायचे, तेव्हाही ‘अहो भाऊजी, हलू नका’ असंच म्हणायचे. नवरा चिडवायचा, या माकडाला काय अहो-जाहो करतेस म्हणून. पण जिभेला तेच वळण पडलं होतं, ते पडलंच.

भाऊजी खाली बघत बोलत होते. ‘दादा मला आवरच म्हणायचा, वहिनी. जन्मभर आवरच म्हणाला. मला कसं कळणार होतं?’

मी त्यांच्या शेजारी रस्त्यावर बसले. वर्षभरात इतक्या जवळ बसले नव्हते. मला म्हणायचं होतं, भाऊजी, माझा विश्वास आहे. म्हणालेही. आवाज माझाच होता की नाही कोण जाणे, मला तो परका वाटला.

तेवढ्यात खाली बोगद्याच्या बाजूने...

कट्.

एकदाच. माझी सायकल माझ्या हाताशी आडवी पडलेली होती. डॉक्टरांनीही ऐकलं, कारण ते उठून उभे राहिले आणि त्यांनी आम्हा दोघांना दंडाला धरून उठवलं. तिघं सायकली हातात घेऊन, एका रांगेत, एकमेकांना चिकटून तो चढ चढलो. 

मुक्कामावर सगळे सुखरूप होते. बँकेतल्या बाई माझ्याकडे आल्या, जरा फुगलेल्या. म्हणाल्या, ‘मी जागा सोडली नाही हं. तुम्ही मागून येऊन सांगितलंत तेव्हाच निघाले. पण एक बोलू का? एकदम एकेरीवर आलात. मी तुमच्यापेक्षा मोठी आहे.’

मी त्यांची माफी मागितली. दुसरं काय करणार?

घरी आल्यावर मी आईंना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. मी बोलत होते तोवर त्यांचे हात थांबले नाहीत. माझं झाल्यावर त्यांनी निवडलेली भाजी बाजूला ठेवली, उठल्या, आणि बाहेरच्या खोलीत गेल्या. भाऊजी तिथे आपली बॅग भरत होते.

‘जेवलास का?’ आईंनी विचारलं.

भाऊजींनी बॅग तशीच ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. मोठ्याने, लहान पोरासारखे. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभ्या राहिल्या. मी दारातून बघत होते. मलाही रडू यावं असं मला फार वाटलं. नाही आलं. पण दुखलं. आत कुठेतरी दुखलं, आणि वर्षभरात तेवढंही झालं नव्हतं.

भाऊजी गेले नाहीत. दुकानातच आहेत. टूर बंद केल्या. त्या घळीत आता दुसरे लोक टूर नेतात. आम्ही एकदोघांना सांगून पाहिलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा पाजून पाठवलं.

मागच्या वर्षी तो आवाज माझ्या नवऱ्याचा होता आणि तेव्हा माझा नवरा जिवंत होता. या वर्षी तो माझा होता. याच्या पुढचा विचार मी करत नाही. करायला बसले की हातातला पाना खाली ठेवावा लागतो.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं.

गेल्या आठवड्यात, भर दुपारी, मी दुकानात पुढे बसून एका चाकाचा आउट काढत होते. रस्त्यावर गर्दी, समोरच्या न्हाव्याचा रेडिओ चालू. भाऊजी मागच्या खोलीत टायर लावत होते. ते हात पुसत बाहेर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

‘झालं का तुमचं? निघायचं ना?’

मी म्हटलं, कुठे निघायचं?

ते म्हणाले, आत्ता मागच्या दारातून हाक मारलीत ना, म्हणून विचारलं.

मी सकाळपासून या स्टुलावरून उठले नव्हते. त्यांना ते माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. चाक माझ्या हातात फिरत होतं, ते मी थांबवलं.

मी विचारलं, ‘काय म्हणाले मी?’

भाऊजींनी मागच्या दाराकडे बघितलं. ते उघडं होतं. बाहेर ऊन होतं, नळ होता, आमच्याच सायकली लावलेल्या होत्या.

‘भाऊजी, आवरा,’ ते म्हणाले. ‘असंच म्हणालात. अगदी नेहमीसारखं.’

त्या फाट्यावर आम्ही हे सगळं मोठ्याने बोललो होतो. कोणी ऐकत असेल, हे तेव्हा आमच्या मनातच आलं नाही.

आता आमच्या घरात कोणी हाकेला ओ देत नाही. काम असेल तर उठून समोर यायचं, तोंड दाखवायचं, मग बोलायचं. आईंचे गुडघे दुखतात, त्यांना हे फार जड जातं. तरी त्या येतात.